दुसुतीवरचा बैल

१४ नोव्हेंबर १९७६, रविवार, सकाळचे सव्वासहा. तारीख लक्षात आहे, कारण त्या दिवशी आमचा हातमाग घरातून निघाला. वेळ लक्षात आहे, कारण बायकोने मला विचारले, "किती वाजले?" आणि घड्याळ तिच्या समोरच्याच भिंतीवर होते.

मी वेळ सांगितली. ती "बरं" म्हणाली आणि कापडाची गुंडाळी काखेत घेऊन अंगणात गेली. मी घड्याळासमोर उभा राहिलो. त्याचे आकडे मोठे होते.

डॉक्टरांनी दसऱ्याच्या सुमारास सांगितले होते: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अजून कच्चा आहे, पिकला की काढू. तोवर नजर मंदावत जाणार. त्यावर औषध नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले, चुलीवर चहा ठेवला आणि त्याला उकळी येईपर्यंत पेटीच्या तळातून चौकटीचा कागद काढून समोर ठेवला.

"मले खाप्याचा बैल करायचा हाये," ती म्हणाली. "दिसते तोवर."

खापा हे तिचे माहेर. तिचे वडील माझ्या वडिलांसारखेच विणकर. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल ओढतात. त्याला तान्हा पोळा म्हणतात. तिच्या वडिलांनी थोरल्या लेकीसाठी, म्हणजे हिच्यासाठी, सागवानाचा बैल करून घेतला होता. चार चाकांवरचा, तिच्या डोक्याइतका उंच, काळा रंगवलेला, पाठीवर लाल झूल. भाऊ जन्मेपर्यंत तो तिचा होता, नंतर भावाचा झाला, आणि पुढे कधीतरी वाळवीचा. त्याचे छायाचित्र कोणी काढले नव्हते. जे काढायचे ते तिला आठवणीतूनच काढायचे होते.

फुलीचा टाका तिच्या हातातला होता. उशांचे अभ्रे, दारावरचे तोरण, मुलाच्या लहानपणी त्याच्या टोपीवरची मैना. पण दार झाकेल एवढे चित्र तिने कधी घेतले नव्हते.

बाजारातून दुसुती आणली. दुसुती म्हणजे जोडधाग्यांचे जाड कापड. जोड्यांच्या मधली भोके मोजत सुई घालायची. तिने ते कापड उजेडात धरले, मग खाली ठेवले, मग पुन्हा धरले.

"याच्यात मले भोकच दिसत नाई," ती म्हणाली.

मी म्हणालो, "विणतो."

माग तेव्हाच तिच्या भावाला, माझ्या मेव्हण्याला, देऊन टाकायचे ठरले होते. हातमागाला शहरात काम उरले नव्हते. मुलाने प्रताप नगरात दोन खोल्या घेतल्या होत्या आणि डिसेंबर लागताच आम्ही तिकडे जाणार होतो. तिथे जमीन फरशीची. पाय सोडून बसायला खड्डा खणता येणार नव्हता, आणि खड्ड्याशिवाय आमचा माग उभा राहत नाही. म्हणून मागावरचे शेवटचे कापड ही तिची दुसुती. मी जाड सूत घेतले, आणि विरळ दातांची फणी. फणी म्हणजे मागातली ती लांब चौकट, जिच्या दातांतून उभे धागे जातात आणि जिच्या ठोक्याने आडवा धागा जागी बसतो. एका दातातून एक जोडी काढली. शनिवारी कापड कापून उतरवले. तिने बोटाने भोक चाचपले आणि मान हलवली. आमच्या घरात एवढे पुरत असे.

त्या रविवारी मला सकाळपासून बसवत नव्हते. आत माग, बाहेर ती. मी मागाच्या दोऱ्या सैल करायला घेतल्या आणि अर्ध्यावर सोडून अंगणात गेलो. ती उन्हाकडे तोंड करून कापडाच्या कडा शिवत होती, सूत सुटू नये म्हणून. सुई ओवायला तिला वेळ लागत होता. दोरा ओला करायची, नेम धरायची, दोरा बाजूने जायचा. मी दोनदा हात पुढे केला.

"तुमी तुमचं करा," ती म्हणाली.

मी आत आलो. खड्ड्यात पाय सोडून बसलो. पायांनी सवयीने पावड्या, मागाच्या पायाने दाबायच्या फळ्या, शोधल्या. पावड्या सोडवून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. उठलो, पुन्हा बाहेर गेलो.

तिने रंगीत दोऱ्यांच्या लडी सुपात मांडल्या होत्या. काळ्या एकीकडे, लाल एकीकडे, शिंगांसाठी पिवळ्या. काळ्यांमध्ये एक गडद निळी होती. दुकानदाराने चुकून दिली असेल. ती निळी लड तिने हातात घेऊन पाहिली आणि काळ्यांवर ठेवली. ती पाणी घ्यायला उठली तेव्हा मी ती काढून खिशात टाकली.

आठच्या पुढे मेव्हणा आला. खाप्याकडे रिकामा परतणारा एक ट्रक त्याने ठरवला होता. तो दारातूनच बोलत येणारा माणूस.

"भाऊजी, अजून सोडवलाच नाई माग? मले वाटलं, आतापर्यंत बांधून दारात उभे असान."

"तू ये म्हणून थांबलो."

"मी येऊन काय करू? मी तं न्यायले आलो. सोडणं तुमचं, बांधणं माहं." मग अंगणाकडे वळून, "बाई वं, चहा हाये का, का तोही मागासोबत नेऊ?"

"तुह्या घरून निघताना तोंड बांधून नाई पाठवत का वहिनी तुले?" ती म्हणाली. पण उठून चहा ठेवला.

आम्ही दोघांनी माग सोडवला. मी त्याला गाठ दाखवायचो, तो दोरी कापायला जायचा, मी त्याचा हात धरायचो.

"कापू नको. सोड."

"नवी दोरी घेईन मी."

"ही जुनी हाये म्हणून कापायची?"

"भाऊजी, तुमी माग देऊन राहिले का पोरगी?"

लाकडे एकेक करून ट्रकवर गेली. खोलीत खड्डा उरला, आणि भिंतीवर जिथे माझी पाठ टेकायची तिथे तेलकट डाग. मी खोली झाडली. झाडलेली खोली पुन्हा झाडली. मेव्हणा खांबाला टेकून पाहत होता.

जेवायला बसलो तेव्हा बारा वाजून गेले असतील. तिने सकाळी कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर चाचणी म्हणून एक चाक भरले होते, चौकटीच्या कागदावर काढले होते तसेच. तिने ते भावापुढे धरले. बैल पाहिलेला दुसरा माणूस आता तोच होता.

"पाह्य बरं, जमलं का आपल्या बैलाचं चाक?"

त्याने डाव्या हाताने तुकडा घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बाई वं, हे चाक हाये का दाबलेली भाकर? याच्यावर बैल चालन का बसन?"

मी पाहिले. चाक खरेच बसके होते. आडवे रुंद, उभे बुटके. अंडे आडवे ठेवावे तसे.

तिने तुकडा परत घेतला आणि नाकापर्यंत नेला. मग कडेवरून बोट फिरवले.

"मी तं मोजून घेतलं होतं," ती म्हणाली. "जितक्या फुल्या आडव्या, तितक्याच उभ्या."

"मंग दोन-चार डोळ्यानं खाल्ल्या असतीन," मेव्हणा म्हणाला, आणि भाताचा घास घेतला.

डॉक्टरांचे बोलणे तिने माहेरी कळवले नव्हते. त्याला काही माहीत नव्हते. तो जेवत राहिला. ती उठली. चाचणीचा तुकडा ताटाशेजारीच पडून राहिला. अंगणातून तिने मोठे कापड आणले, कडा शिवून झालेले, चार पदरी घडी केलेले, आणि भावाच्या सामानाशेजारी ठेवले.

"हे तुह्या गाडीत टाक. वहिनीले पुसायले कामी येईन."

"हे?" तो म्हणाला. "हे तं नवं हाये."

"नवंच हाये. मले कामाचं नाई."

कागदही तिने घडी करून चुलीजवळ ठेवला. मग ताटे उचलू लागली. तिचा चेहरा नेहमीसारखा होता. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तो चेहरा वाचायला शिकलो होतो, आणि त्या वेळी तो वाचायला मला नको होता.

मी जेवण टाकून उठलो. तो तुकडा घेतला आणि उन्हात गेलो. जुन्या लोखंडी सुईच्या टोकाने धागे मोजले. आधी रुंदीत मोजले, कारण विणकर रुंदीतच मोजतो. फणीचे दात ठरलेले असतात. रुंदी चुकू शकत नाही. ती बरोबर होती. मग तुकडा फिरवला आणि लांबीत मोजले. लांबी आम्ही मोजत नाही. ती हात ठरवतो.

रुंदीत जिथे पाच जोड्या होत्या, तिथे लांबीत सहा होत्या. मी दुसऱ्या जागी मोजले. सहा. तिसऱ्या जागी मोजायची गरज नव्हती, तरी मोजले.

वडिलांनी मला मागावर बसवले तेव्हा एकच गोष्ट शिकवली होती: आडवा धागा टाकला की फणी दोनदा ठोकायची. एक ठोका धागा आणतो, दुसरा त्याला बसवतो. विणलेले लुगडे ते दिव्यासमोर धरत आणि उजेड आरपार दिसला तर माझ्याकडे पाहत. त्या पाहण्याने हाताला जी सवय लागली ती लागली. दुसुतीला दोन ठोके नको असतात. तिला उभे आणि आडवे सारखे हवे, आणि मध्ये उजेड हवा. हे मला ठाऊक होते. सूत मी त्यासाठीच जाड घेतले होते, फणी त्यासाठीच विरळ. पण हाताला कोणी सांगितले नव्हते. हात दोनदाच ठोकत राहिला.

मी आत आलो.

"तुह्या डोळ्याचं नाई हे," मी म्हणालो. "माह्या हाताचं हाये."

ती ताट घासत होती. "समजूत काढू नका."

"मी कवा काढली?"

मेव्हणा हसला. "हे मात्र खरं बोलले भाऊजी."

"हात धू," मी तिला म्हणालो, "अन् इकडे ये."

ती आली. मी तिच्या हातात सुई दिली आणि तुकडा तिच्या गुडघ्यावर पसरला. एक बोट आडवे ठेवले. "एवढ्यात मोज. पाहू नको, टोचून मोज."

तिने डोळे मिटले. सुई एकेका भोकात घातली. पाच. मी तुकडा फिरवला. तेच बोट ठेवले. तिने पुन्हा मोजले. सहाव्या भोकाशी सुई थांबली. तिने पुन्हा सुरुवातीपासून मोजले.

"ठोकलं तुमी," ती म्हणाली.

"हो."

"दोनदा."

"हो."

तिने सुई तुकड्यात खोचली. मग म्हणाली, "म्हंजे इतके वर्षं लोकायले नेसवलं ते सारं असंच बसकं?"

"लुगड्यात चाक नसते."

मेव्हण्याला आता गोष्ट कळली होती, निदान अर्धी. बहिणीने डोळे मिटून मोजले होते, त्यावरून उरलेली अर्धीही कळली असावी, कारण तो एकदम उठला आणि म्हणाला, "मंग माग उतरवतो खाली. पुन्हा लावू. ट्रकवाल्याले सांगतो, पुढच्या रविवारी ये म्हणून."

बोलणे चांगले होते, उपयोगाचे नव्हते. सूत संपले होते. नवा ताणा करायचा, खळ द्यायची, फणीत भरायचा, त्यात महिना गेला असता, आणि घर महिनाअखेरीस सोडायचे होते. शिवाय मला माहीत होते: मी पुन्हा विणले असते, तर पुन्हा दोनदाच ठोकले असते.

मी अंगणात गेलो, परत आलो. खड्ड्याभोवती फिरलो. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवू लागला होता. चुलीजवळचा तिचा चौकटीचा कागद उचलला, उलगडला, कापडावर ठेवला. कागदाच्या चौकटी समान होत्या. कापडाच्या नव्हत्या. दोघांपैकी एकाने दुसऱ्यासारखे व्हायचे होते, आणि कापड विणून झाले होते.

"फणी काढ," मी मेव्हण्याला म्हणालो.

"कोणती फणी?"

"दुसुतीची. ट्रकवर चढवली ती."

"अहो भाऊजी, सगळ्याच्या खाली हाये ते. फणी ठेवून घेता तं माग कायले देता?"

"तुह्याकडे तिच्याहून बऱ्या दोन हायेत. ही विरळ तुले कामाची नाई."

"अन् तुमाले?"

"मले रेघा ओढायच्या हायेत."

तो बहिणीकडे पाहू लागला. तिने खांदे उडवले. त्याने शिव्या पुटपुटत ट्रकवर चढून अर्धा भार हलवला, आणि फणी खाली दिली. मोठे कापड त्याच्या सामानाजवळून मीच उचलून घेतले होते. त्याने ते पाहिले.

"आता वहिनीनं काय पुसावं?" तो म्हणाला.

"तुहं तोंड," ती म्हणाली.

जाताना तो माझ्या पाया पडला. बहिणीच्या पाया पडताना नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकला. "बाई, बैलाच्या कपाळावर पांढरा टिपका होता. विसरू नको."

"मले सांगतो? रंगवला कोणं होता?"

ट्रक गेला. मी दार लावले नाही; उजेड हवा होता.

जुनी दिनदर्शिका खुंटीला होती, तिच्याखाली मागच्या दोन-तीन वर्षांच्या. त्यांची मोठी पाने सोडवली, पाठीकडून जोडली. सुताला द्यायची खळ मडक्यात उरली होती, त्या खळीनेच चिकटवली. चिकटेपर्यंत थांबणे अवघड गेले. मी पानांवर पाटा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"सुकू द्या," ती म्हणाली. "पाहून सुकत नाई."

सुकल्यावर फणी कागदाच्या वरच्या कडेला आडवी ठेवली आणि प्रत्येक दाताशी पेन्सिलची खूण केली. खालच्या कडेला तसेच. ही झाली रुंदी. लांबीसाठी फणी चालणार नव्हती. तिथे कापडच कागदाशेजारी ताणून धरले, आणि जिथे जिथे आडवी जोडी होती तिथे खूण केली. माझ्या ठोक्यांच्या खुणा होत्या त्या. मग पाटीच्या कडेने रेघा ओढायला बसलो. चौकटी चौरस आल्या नाहीत, रुंद आणि बुटक्या आल्या, कापडासारख्या.

ती शेजारी येऊन बसली आणि वाकून पाहू लागली.

"कागद बिघडवून राहिले तुमी."

"कापडाएवढाच."

"मोठा हाये," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दिसून राहिला मले."

मी रेघा ओढत राहिलो.

अर्धा कागद झाला तेव्हा तिला थांबवेना. तिने चुलीतला कोळसा घेतला. खाली, जिथे पाय येणार होते तिथे, आमटीची वाटी पालथी घातली आणि तिच्याभोवती कोळसा फिरवला. मग जरा सरकवून दुसरे चाक. मी तिच्या हातापुढे रेघा ओढत वर सरकत होतो, आणि ती माझ्या मागून बैल आणत होती: आधी पाय, मग पोट, मग वशिंड. वशिंड काढून झाल्यावर तिने ते पुसले आणि अजून उंच केले. बैल तिचा होता.

डोके काढण्यापूर्वी ती थांबली.

"आधी चाक पाहू," ती म्हणाली.

चाचणीच्या तुकड्यावर जागा होती. तिने नव्या कागदावरून एका चाकाची फक्त कड भरली, काळ्या दोऱ्याने. ऊन भिंतीवर चढले होते. ती त्याच्याबरोबर सरकत राहिली. मी त्या वेळात तीनदा दारापर्यंत जाऊन आलो. शेवटची फुली घातल्यावर तिने तुकडा माझ्यापुढे धरला.

"गोल हाये?"

मी हो म्हणू शकलो असतो. माझ्या म्हणण्याला त्या दिवशी फार किंमत नव्हती. मी तीच वाटी तिच्याकडे सरकवली.

तिने वाटी चाकावर पालथी ठेवली आणि काठाशी बोट लावून सगळीकडून फिरवले. कुठे काठाबाहेर फुली लागते का, कुठे काठाखाली जाते का. पूर्ण फेरा झाला. तिने उलटाही एक फेरा केला. मग वाटी धुऊन जागेवर ठेवली आणि बैलाचे डोके काढायला बसली. कपाळावरचा टिपका तिने कोळशाने न भरता मोकळा सोडला.

दिवेलागणीच्या आधी मोठे कापड घडी करून मध्य काढला. एक घडी उभी, एक आडवी. जिथे ठळक सुरकुत्या एकमेकींना छेदल्या तो मध्य. तिने दोन्ही सुरकुत्यांवरून पांढऱ्यावर दिसावा म्हणून लाल दोऱ्याचे धावते टाके घातले. उद्या सकाळी ऊन अंगणात आले की तिथून सुरुवात करायची, असे तिने सांगितले. मला सांगितले की स्वतःला, कळले नाही.

मग ती स्वयंपाकाला लागली. मी दिवा खाली घेतला आणि सुपातल्या लडी समोर ओढल्या. सुयांची पुडी उघडली. दुसुतीची एक कडेची पट्टी उरली होती, ती मांडीवर ठेवली. एकेक सुई ओवायची आणि पट्टीत खोचायची: काळ्या सात-आठ, मग लाल, मग पिवळ्या. तुटलेला धागा अंधारात सांधणारी बोटे होती माझी. नेम चुकत नव्हता. निळी लड माझ्या खिशात होती, ती तिथेच राहिली.

ती पीठ मळत होती. पाठ माझ्याकडे होती. सकाळी मला परत पाठवणारी ती हीच, म्हणून मी आवाज न करता करत होतो.

"काळ्या अजून लागतीन," ती वळून न पाहता म्हणाली. "पोट मोठं हाये त्याचं."

मी काळी लड पुन्हा सोडली, दोरा तोडला, आणि अजून चार सुया ओवून पट्टीत खोचल्या.